मुठीचं बी

त्या वर्षी ज्वारीला काणी फार पडली. ताटं डोक्याच्या वर गेलेली, कणसं लांबून पाहावीत तर भरलेली. पण हातात धरून दाबलं की दाण्याच्या जागी काळी भुकटी निघायची. खुडायला गेलेल्या बायका संध्याकाळी गावात शिरत तेव्हा त्यांच्या पापण्या, नाकपुड्या, लुगड्याचे खांदे काळे झालेले असत. खळ्यात बैल फिरायला लागले की काळा धुरळा उठे आणि बैल शिंकत. आमच्या घरी भाकरी करडी झाली. ओढ्यापलीकडच्या तांड्यावर सोमलाच्या घरी ती फार दिवस पुरलीच नाही. तांड्यावर वावर एकट्या त्याचंच, दोन एकरांचं. त्यातलं अर्धंअधिक काळं निघालं. पौषातच तो बायकोला, भुरीबाईला, मागं ठेवून सडकेची खडी फोडायला गेला.

मी तेव्हा वाशीमला मुलींच्या शाळेत शिकवत होते. चैत्रात सुटी लागली आणि घरी आले. आमचं गाव केनवडपासून दोन कोसांवर. शेतकऱ्यांची बारा घरं, आणि तांडा. या साऱ्यांचं ज्वारीचं बी माझ्या आईच्या, सोजरबाईच्या, हातून जायचं. त्याला आता बरीच वर्षं झाली; आई यंदा माघात गेली. भेटायला आलेली माणसं तिच्याबद्दल पुष्कळ सांगत होती. मी आता लिहिते ती गोष्ट त्यांच्यातल्या कोणी काढली नाही.

खुडणीच्या आधी आई एकटी वावरात शिरायची. कमरेला चिंध्यांचं गाठोडं. घट्ट भरलेलं, खाली वाकलेलं कणीस दिसलं की त्याच्या ताटाला चिंधी बांधायची. तेवढी कणसं वेगळी खुडून चुलीवरच्या दांडीला टांगायची, धुरात. उन्हाळ्यात ती हातानं चोळून बी काढायची; बियाण्याला बैलाचा पाय लागू द्यायची नाही.

मग अखाजीच्या, अक्षय तृतीयेच्या, सकाळी मूठ व्हायची. प्रत्येक घरची बाई आपल्या ज्वारीची एक मूठ घेऊन आमच्या ओसरीवर येई. आईच्या निवडक बियाण्याच्या ढिगात साऱ्या मुठी पडत. आई दोन्ही हातांनी तो ढीग सात वेळा वरखाली करी, एक चिमूट तोंडात टाकून चावी आणि म्हणे, ‘गोड हाये. न्या.’ मग ज्याला लागेल तेवढं बी तो नेई. कोणाच्या एकट्याच्याच वावरात पिकू नये आणि कोणाचं एकट्याचंच बुडू नये, अशी त्यामागची समजूत. चार वर्षांपूर्वी आईनं तांड्याचीही मूठ घेतली. शेजारची कस्तुराकाकू, नात्यानं आईची चुलत जाऊ, त्या दिवशी रुसून निघून गेली होती. पण पुढच्या अखाजीला आली.

मी घरी आले त्याच आठवड्यात केनवडच्या पाटलांचा माणूस दवंडी देत फिरला. विद्यापीठाची माणसं येणार होती. तीन दिवस शाळेच्या आवारात शास्त्राचे प्रयोग दाखवणार होती, बायामाणसांनाही मज्जाव नव्हता. माझ्याकडे छापील पत्रक आलं होतं. त्यात ‘पिकांचे रोग व सूक्ष्मदर्शक यंत्र’ अशी एक ओळ होती. ती वाचून मी दांडीखालच्या गाडग्यातलं मूठभर बी रुमालात बांधून घेतलं. मागच्या अखाजीच्या मुठीतलं उरलेलं ते. आईला सांगितलं नाही. सांगायचं राहून गेलं असंही नाही.

आम्ही बंडीनं गेलो. बाबा हाकत होते, मागं आई, मी आणि कस्तुराकाकू.

“सायब लोक फुकट दाखवतात म्हनजे कायतरी इकाचं असंन त्यायले,” काकू म्हणाली.

“आपल्याजवळ काय हाये घ्याले?” आई म्हणाली.

आवारात निंबाच्या डहाळ्यांचा मांडव होता. अकोल्याहून लॉरीतून आणलेल्या पेट्या टेबलांवर मांडल्या होत्या. एका काचेच्या हंडीत घंटा वाजत होती. विद्यार्थ्यानं पंपानं आतली हवा काढली तशी ती हलत राहिली पण आवाज बंद झाला. एक म्हातारे आजोबा बराच वेळ तिच्याकडे पाहत होते. त्यांनी विचारलं, “हे भांडं केवढं मोठं भेटते? आमच्या घरात दोन सुना हायेत.” विद्यार्थी हसायला लागला आणि पंप सोडून दिला. पुढं एका दुर्बिणीतून सूर्याचं बिंब पांढऱ्या कागदावर पाडलं होतं. त्यावर दोन-तीन बारीक काळे ठिपके होते.

“पाह्य वं,” काकू आईला म्हणाली, “सूर्यालेबी काणी लागली.”

सूक्ष्मदर्शक शाळेच्या पडवीत होतं. तिथं बसलेले प्राध्यापक पन्नाशीचे, घामानं कॉलर भिजलेली, आवाज शांत. मी रुमाल सोडला. त्यांनी चार दाणे पेल्यातल्या पाण्यात हलवले, त्या पाण्याचा थेंब काचेवर घेतला, स्वतः पाहिलं आणि म्हणाले, “अगदी स्वच्छ दिसणारं बी आहे. म्हणूनच दाखवायला उत्तम. घरच्या कोणी आल्या आहेत?”

मी आईला पुढं आणलं. तोवर बाजारासारखी गर्दी झाली होती. आई स्टुलावर बसली नाही, उभ्यानंच वाकली.

“काय दिसतं, बाई?”

“झाडू.”

तिला तिच्याच पापण्या दिसत होत्या. एक डोळा मिटणं तिला जमेना. एक मिटला की दुसराही मिटे. मागं बायका हसल्या. शेवटी तिनं डाव्या डोळ्यावर तळहात धरला आणि विद्यार्थ्यानं खालचा आरसा हलवला. मग ती हलली नाही.

“गोल-गोल हाये,” ती म्हणाली. “मोहरीवानी. लय हायेत.”

“तो काणीचा भुगा, बाई. तुमच्या दाण्यांना चिकटलेला. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तुम्ही बी पेरता तेव्हा हाही पेरला जातो. कोंबात शिरतो आणि कणीस येईपर्यंत आत गप्प बसतो.”

“मंग काणी ढगानं नाई पडत?”

“नाही. घरातून जाते.”

आईनं तळहात खाली घेतला. मागच्या मागं बातमी सरकत गेलेली मला ऐकू आली: सोजरबाईच्या घरचं बी. आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, तो आधीच सारखा होता.

“माह्या कणसाले काणी नोती,” ती म्हणाली. “मी एक-एक पाहून चिंधी बांधतो.”

“कणसाला नसेलही. यात दुसऱ्या कोणाचं बी मिसळता का?”

आई बोलली नाही. कस्तुराकाकू बोलली.

“मिसळतात ना. चार वर्सं झाले, तांड्याचीबी मूठ घेऊन राह्यल्या बाई. मी तवाच सांगतलं होतं. ऐकलं कोनी?”

भुरीबाई तिथंच होती. बाजाराला आली होती, हातात मिठाची पुडी. तिनं ओढणी कपाळावरून खाली ओढली आणि गर्दीतून बाहेर निघाली. लोकांनी तिला वाट दिली, जरा जास्तच रुंद दिली.

“काणी त्याच्या आंधीची हाये, कस्तुरे,” आई म्हणाली.

“एवढी नोती.”

“आंधी थोडी होती. पण होती.”

प्राध्यापकांना यातलं निम्मं कळलं असेल. ते म्हणाले, “कोणाच्या घरचं हे मी सांगितलेलं नाही.” पण ऐकायला कोणी थांबलं नव्हतं.

परतताना काकू दुसऱ्या बंडीत बसली. अर्धी वाट गेल्यावर आईनं विचारलं, “तू मले इचारलं काहून नाई, जमने?”

“इचारलं असतं तं दिलं असतं तू?”

“दिलं असतं. मी सोता नेलं असतं.”

बाबांनी बैलांना उगाच हाक दिली. घरी आल्यावर आईनं राख घेऊन हात कोपरापर्यंत घासले, पुसले, पाहिले आणि पुन्हा घासले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती टोपली घेऊन निघाली. मला म्हणाली, “कागद घे. पुड्या कर. साऱ्यायच्या घरचं बी नेऊ त्या काचीखाली. ज्याची त्याची पुडी, ज्याचं त्याचं नाव.”

आमच्या घरची पुडी आधी केली, मग बाकीची अकरा घरं फिरलो. कोणी दिलं, कोणी आधी चहाचं विचारून मग दिलं. कस्तुराकाकूनं ओंजळभर ओतलं. “न्या. माह्यं तं पाहाच,” म्हणाली.

शेवटी तांड्यावर गेलो. चैत्रातलं ऊन दहा वाजताच डोक्यात जात होतं. भुरीबाई झोपडीच्या दारात गोधडीला टाके घालत बसली होती. तिनं वर पाहिलं नाही. एरवी ती आईला याडी म्हणायची. त्यांच्या बोलीत आईला याडीच म्हणतात.

“आमचं काय पाहाचं?” ती म्हणाली. “पाहाल्याबिगरच तं सांगून टाकलं.”

“मी नाई सांगतलं.”

“तुमी चूप होत्या.”

आई तिथंच उभी राहिली. मी सावलीत सरकले, ती सरकली नाही. तिच्या कपाळावरचं कुंकू घामानं ओघळून नाकावर आलं. भुरीबाईनं एक पूर्ण रांग टाके घातले, सुई केसात खोचली आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा मुठीत ज्वारी होती.

“एवढीच हाये. बाकी खाल्ली.”

“पुरे.”

“नाव काय लिवता?”

“भुरीबाई,” मी म्हटलं.

“मंग बराबर लिवा.”

तिसऱ्या दिवशी प्रदर्शन आवरायला लागलं होतं. पेट्यांत पेंढा भरला जात होता. प्राध्यापकांनी तेरा पुड्या पाहिल्या आणि घड्याळाकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं आणि काचा पुसायला घेतल्या. एकेक पुडी उघडायची, दाणे हलवायचे, थेंब घ्यायचा. ते म्हणत, “आहे.” मी नावापुढं खूण करी. “आहे. आहे. यातही आहे.” भुरीबाईच्या पुडीला म्हणाले, “आहे, पहिल्या दोनांइतकीच.” कस्तुराकाकूच्या पुडीलाही म्हणाले, “आहे.” आमच्या गावचे आठ-दहा जण भोवती होते. तेराव्या पुडीपुढंही खूण झाली.

“काच त्यायची, बोलणं त्यायचं,” काकू म्हणाली आणि पदर खोचून बाजाराच्या बाजूला गेली.

“पयली कोनाची असंन?” आईनं विचारलं.

“ते हे यंत्र सांगू शकत नाही,” प्राध्यापक म्हणाले. “आता कोणीच सांगू शकणार नाही. इतकी वर्षं एकत्र मिसळलंय. तुम्ही असं करा, मिसळणं सोडून द्या. ज्यानं त्यानं आपलं बी मोरचुदाच्या पाण्यात बुडवायचं, दहा मिनिटं, सावलीत वाळवायचं आणि पेरायचं. भुगा मरतो. आमच्याकडे पुड्या आहेत, पत्रक आहे.”

“मिसळणं नाई सुटनार,” आई म्हणाली. त्यांच्याशी वाद घालावा असा तिचा सूर नव्हता. “साऱ्यायचं मिसळून मंग बुडवलं तं?”

त्यांनी चष्मा काढला. “चालेल. का नाही चालणार? पण मिसळल्यावर बुडवायचं, आधी नाही. आणि बुडवलेलं बी ठेवायचं नाही, पेरणीच्या दोन दिवस आधीच हे काम. मोरचूद विष आहे. त्यातला दाणा तोंडात जाता कामा नये, कोंबडीच्याही नाही.”

“मंग अखाजी गेली,” आई म्हणाली.

ते काय ते त्यांना समजलं नाही. त्यांनी तिला निळ्या खड्यांच्या चार पुड्या दिल्या. तिनं त्या पदरात बांधून गाठ मारली.

अखाजीला बायका नेहमीसारख्या आल्या. आई ओसरीवर उभी होती, पण ढीग मांडलेला नव्हता.

“आज नाई,” ती म्हणाली. “मिरग निंगल्यावर वाफसा झाला की निरोप देतो. तवा मूठ आना.”

मुठी वळलेल्या, हात अर्धे पुढं आलेले. एवढ्या वर्षांत कोणाची मूठ त्या दारातून परत गेली नव्हती. रांगेत काकू पहिली होती.

“दारातून माघारी धाडता, बाई?”

“माघारी नाई. थांबवून राह्यलो.”

“अखाजीची मूठ मिरगात. उद्या दिवाळी शिमग्यात करा.”

दोघी-तिघी हसल्या आणि साऱ्या परतल्या. काहींच्या मुठीतले दाणे वाटेवर सांडले, ते आमच्या कोंबड्यांनी टिपले. भुरीबाई मागून येताना दिसली होती. ती ओढ्याकडूनच वळली असावी, कारण ओसरीपर्यंत आली नाही.

मी सुटी संपल्यावर वाशीमला गेले आणि पेरणीच्या आधी आठ दिवसांची रजा काढून परत आले. पत्रक वाचून दाखवायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. बाबांनी पाण्यासाठी लोखंडी घमेलं आणलं. त्यात खडे टाकल्याबरोबर आतून तांबूस पुट चढायला लागलं, तेव्हा पत्रकात पुढं लिहिलेलं मी वाचलं: लोखंडी भांडे वापरू नये. ते पाणी उकिरड्याच्या पलीकडं खड्डा खणून ओतलं. मग कुंभाराकडून मोठं मडकं आलं.

निरोपावरून बायका आल्या. साऱ्या आल्या, बघायला म्हणून का होईना. मुठी ढिगात पडल्या. काकूचीही पडली. भुरीबाईनं तिची मूठ टाकली तेव्हा काकूनं नुसतं दुसरीकडं पाहिलं. आईनं सात वेळा ढीग वरखाली केला. मग धोतराच्या फडक्यात थोडं-थोडं बी बांधून निळ्या पाण्यात बुडवायला लागली. मी वाशीमहून आणलेल्या घड्याळात दहा मिनिटं मोजायची, ती गाठोडं उचलायची, निथळू द्यायची, ओसरीच्या सावलीत तरटावर पसरायची. दुपारपर्यंत ती वाकलेलीच होती. कमरेवर हात ठेवायला सरळ झाली तेव्हा तिची नखं निळी दिसत होती. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, तंबाखू मळत होत्या. पोरीच्या लग्नाचं, कोणाच्या गाईचं बोलणं चाललं होतं. बरं चाललं होतं सगळं.

बी वाळलं. आई ढिगापुढं बसली, तिनं सूप जवळ ओढलं. समोर अकरा टोपल्या आणि भुरीबाईची ओढणी. आणि तीस वर्षं जो हात जसा जायचा तसा गेला. चिमूट तोंडात टाकून ती चावायला लागली.

मी “माय” म्हणेपर्यंत तिच्या तोंडाचं सारं बदललं होतं. तिनं थुंकलं, उठायला गेली, आणि ओसरीच्या पायरीवरच ओकली. सकाळची न्याहरी, मग नुसतं हिरवट पाणी. मी डोकं धरलं, बाबा ताक घेऊन धावले. तिचा पदर सुटला होता. साऱ्या गावच्या बायकांसमोर ती गुडघ्यांवर बसून ओकत होती आणि मधे श्वास मिळाला की म्हणत होती, “काई नाई. काई नाई झालं. माह्याच हातानं.”

कस्तुराकाकू तिच्या पाठीवरून हात फिरवायला आली होती. आई शांत झाल्यावर ती सरळ झाली आणि ढिगाकडं पाहिलं.

“हे खाऊन मानूस असं पडते. अन् वावरात टाकाचं?”

“पत्रकात लिहिलं आहे, काकू,” मी म्हणाले. “खायचं नाही. पेरायचं.”

“आजवर तं खाऊनच पेरलं. जे तोंडात चालत नाई ते मातीत कसं चालंन?” तिनं रिकामी टोपली काखेला मारली. “माही मूठ गेली तं गेली. मी घरच्या कणगीतलं पेरतो.”

तिच्यामागं एकेक टोपली उठली. कोणी वाईट बोललं नाही. जाता जाता आईला म्हणत होत्या, “पडून राहा बाई, आराम करा.” शेवटी दोन घरच्या बायका राहिल्या, त्या उठायला लाजत होत्या म्हणून राहिल्या असाव्यात. आणि भुरीबाई.

आई भिंतीला टेकून बसली होती. ओठ पांढरे, हनुवटीला निळसर लाळ. भुरीबाई तिच्यासमोर उकिडवी बसली.

“याडी, हे पोटात जाचं हाये का मातीत?”

“मातीत.”

“मातीले उलटी होत नाई,” भुरीबाई म्हणाली आणि ओढणी पसरली.

तिनं दोन एकरांचं बी नेलं. त्या दोघींनीही नेलं. उरलेलं बाबांनी खोल खड्ड्यात पुरलं, त्यावर दगड ठेवले. आई चार दिवस भाताच्या पेजेवर होती. त्या चार दिवसांत तिनं एकदाच तो विषय काढला. म्हणाली, “गोड हाये म्हनाचं राह्यलं.”

पाऊस त्या वर्षी बेताचा झाला. भादव्यात वीस दिवस उघाड पडली. कोणाचंच पीक डोक्यावर गेलं नाही. पण दिवाळीनंतर मी आले तेव्हा बाबा मला वावरात घेऊन गेले आणि कणसं दाबत चालले. दहा दाबली, वीस दाबली. तळहात दाखवला, त्यावर नुसती माती होती. चिंध्या बांधत आई पुढं गेली होती. चाळीसेक ओळींत तिला काणीची दोन ताटं सापडली. ती तिनं उपटून पोत्यात घातली आणि बांधावर जाळली.

सोमला खडीच्या कामावरून परत आला होता. त्याच्या खळ्यावर बैल शिंकले नाहीत, हे त्यानं स्वतः येऊन सांगितलं. बाकी गावात मागच्यासारखंच होतं. कस्तुराकाकूच्या वावरात तिसरा हिस्सा काळा निघाला. ती कडेच्या वाटेनं घरी यायची, आमच्या ओसरीवरून नाही.

पुढच्या चैत्रात विद्यापीठाची लॉरी पुन्हा केनवडला आली. प्राध्यापक आमच्या घरी आले, पाटावर बसून पन्हं प्याले. त्यांना दोन कणसं हवी होती, एक चांगलं आणि एक काणीचं, शेजारी-शेजारी मांडायला. खाली शेतकऱ्याचं नाव, गाव, बी बुडवलं की नाही, एवढं लिहायचं होतं. आईनं दांडीवरचं कणीस काढून दिलं. मग आत जाऊन कागदात गुंडाळलेलं एक काळं कणीस आणलं. कुठून घेतलं होतं ते तिनं मलाही सांगितलं नव्हतं.

“हे कोणाच्या शेतातलं लिहू?”

“गावचं लिवा.”

“अन् हे चांगलं?”

“तेबी गावचंच.”

त्यांनी तसंच लिहिलं.

त्या मिरगात मूठ पुन्हा आमच्या ओसरीवर झाली. या वेळी निरोप न जाताच बायका यायला लागल्या. कोणी मोरचुदाच्या पुड्या परस्पर आणल्या होत्या. मडक्यात पाणी तयार होतं. ढीग मांडला, मुठी पडल्या. आईनं मोजलं. ती टोपल्या मोजत नसे, माणसं मोजत असे. कस्तुराकाकू आली नव्हती.

“ते येत नाई,” कोणीतरी म्हणालं. “मिसळा.”

आईनं ढिगावर फडकं टाकलं आणि उठली. सुपली घेतली. मी मागं गेले. काकूचं घर तीस पावलांवर. ती चुलीजवळ बसली होती. चूल विझलेली होती.

“कस्तुरे, मूठ.”

काकूनं मान हलवली.

“माह्या घरी चांगलं बी नाई राह्यलं, बाई.”

“असंन ते दे.”

“काणी हाये त्यात. काच नाई लागत, डोयानं दिसते.” ती चुलीतली राख काडीनं उकरत होती. “तांड्यावरच्या बाईसमोर मी ते टाकू का?”

“टाक. पाण्यात तं साऱ्यायचंच बुडवाचं हाये.”

काकू बराच वेळ उठली नाही. आईही गेली नाही. उंबऱ्याला टेकून बसली, तिचे गुडघे त्या वर्षापासून दुखायला लागले होते. शेवटी काकू कणगीजवळ गेली. तिनं दाणे निवडायचा प्रयत्न केला नाही. कणगीत हात घातला आणि मूठ वळून बाहेर काढली. आईनं सुपली पुढं धरली, पण तिनं त्यात टाकलं नाही. तशीच वळलेली मूठ घेऊन ती आमच्याबरोबर चालत आली.

ओसरीवर भुरीबाई ढिगाजवळ बसली होती. ती जरा सरकली. काकूनं तिच्या बाजूला टेकून मूठ उघडली. दाणे पडले, त्यांच्याबरोबर थोडी काळी भुकटी पडली, आणि तळहाताच्या रेघांत काळं राहिलं. काकूनं हात लुगड्याला पुसला नाही. मडक्याकडं पाहिलं, मग वाकून तो हात मनगटापर्यंत निळ्या पाण्यात घातला.

“किती येळ ठेवाचा?” तिनं विचारलं.

“बियाले दहा मिनिटं,” आई म्हणाली. “तुह्या हाताले एवढं पुरे. काढ आता.”